दोन्हीकडून एकेक

"आईबाबा, तुमचं दोघांचंही रक्त लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझं कशाला?" आई पटकन बोलून गेली.

नऊ वर्षांची लेक तपासणीच्या टेबलावर पाय हलवत बसली होती. ती स्वतः शिवणकाम करायची. वर्षभरात तिने लेकीच्या फ्रॉकची कंबर चार वेळा उसवून वाढवली होती. लांबी मात्र होती तेवढीच. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. मग नाकातून रक्त येऊ लागलं, पाय ठणकू लागले.

"एक प्रकारची चरबी शरीरात रोज मोडली जायला हवी," डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोट काढलं. "ती मोडणारं द्रव्य हिच्यात जेमतेमच आहे. मग ती साठत जाते. प्लीहेत, यकृतात, हाडांत. गोशे म्हणतात या आजाराला. औषध आहे, दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून. पण तो होतो कधी, तर आईकडून एक आणि बाबांकडून एक, अशा दोन चुका एकत्र आल्या तर. हिच्यातली एक चूक नेहमीची आहे. दुसरी आजवर कुठेच नोंदलेली नाही. ती कुणाकडून आली, ते बघायचंय."

"घ्या की," नवऱ्याने बाही वर सारली. "निम्मं आयुष्य बोटीवर गेलं माझं. पोरीसाठी एवढं तरी करू द्या."



घरी येताच आईने आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. नऊ वर्षांपूर्वी दोघी बहिणी याच घरात, एकाच आठवड्यात बाळंत झाल्या होत्या. नवरा तेव्हा समुद्रावर होता. थोरलीचं बाळ जगलं नाही. बहिणीचं लग्न झालेलं नव्हतं, आणि बाळाच्या बापाचं नाव काही तिने सांगितलं नाही. बाळ एका कुशीतून दुसऱ्या कुशीत गेलं. नवऱ्याला कळलं ते एवढंच, की मुलगी झाली.

"आमचं दोघांचंही जुळणार नाही गं. काय तोंड दाखवू त्यांना?"



"ताई, भाऊजींचं रक्त देऊ नकोस."

"दिलंय."

"मग परत माग. काहीही कारण सांग!" बहीण हमसून रडायला लागली.

"वेडी आहेस का? निस्तरायचं मला आहे. तू कशाला रडतेस?"

पुढचे तीन आठवडे तिचं हातातल्या कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तिने उलटी बाही जोडली. दोनदा ती नवऱ्याजवळ जाऊन बसली.

"मला काही सांगायचंय."

"रिपोर्ट येऊ दे. मग हवं ते सांग," तो लेकीचे पाय चेपत म्हणायचा.

रिपोर्टच्या दिवशी तिने ठरवलंच. कागद उघडण्याआधी आपणच बोलायचं. डॉक्टरीणबाईंसमोर बसताच तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"थांबा. आधी मला..."

"अहो, घाबरू नका," डॉक्टरीणबाई हसल्या. "आईंच्या रक्तात दोन्हींपैकी एकही चूक नाही, म्हणजे नमुन्यांची अदलाबदल झालेली दिसतेय. तुमचं पुन्हा घेऊ. बाबांचं मात्र काम झालं. कुठेच न सापडलेली ती दुसरी चूक यांच्यात आहे, जशीच्या तशी."