ठिपक्यांतला आकडा

"पुन्हा एकदा बघ, बेटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

श्रेयानं रंगीत ठिपक्यांचं पान जवळ धरलं, लांब धरलं. "आकडा कुठाय? नुसते ठिपकेच दिसतात," ती रडवेली झाली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला गुलाबी रंग आलेला तिला कळेना, म्हणून कॉलेजातल्या मॅडमनी डोळे दाखवायला सांगितलं होतं.

शिवराज बायकोवर फणकारला. "बघा डॉक्टर, हिच्या माहेरची देणगी. आधी पोराला, आता पोरीला."

दीपमालानं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. थोरला सत्यम रेल्वेच्या मेडिकलमध्ये रंगांधळा निघाला, तेव्हा मुलाला हा दोष आईकडून येतो, असं कळलं होतं. शिवराजनं ते गारखेड्यातल्या भावकीत सांगितलं. पैठणला जाऊन पंगतीत सासऱ्यांच्या तोंडावर सांगितलं. म्हातारे भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून दीपमाला माहेरी गेली नव्हती.

"मुलाला आईकडूनच येतो, खरंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "युरोपात शंभर पुरुषांत आठेक जण असे सापडतात. आपल्याकडं त्याहून कमी, पण आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बायकांत मात्र क्वचितच. कारण मुलीला तो आई आणि वडील, दोघांकडून यावा लागतो. आईला स्वतःला तो नसला तरी चालतं. वडिलांना मात्र असतोच."

त्यांनी ते ठिपक्यांचं पुस्तक शिवराजपुढं सरकवलं. "वाचा."

शिवराजचे कान तापले. तरुणपणी फौजेच्या भरतीत असंच पुस्तक त्याच्यापुढं आलं होतं. उंची कमी पडली, असं त्यानं घरी सांगितलं होतं. सत्यमचं कळलं त्या दिवशी तो मनातून हादरला होता. आईकडून येतो म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेच्या भरात तो बोलत सुटला होता.

समोर ठिपके होते. नुसते ठिपके.

"पंचेचाळीस म्हणा," कानाशी दीपमाला कुजबुजली.

त्यानं चमकून तिच्याकडं पाहिलं. मग पुस्तक मिटलं. "मला नाय दिसत, डॉक्टर. कधीच दिसलं नाय."

श्रेया बापाकडं बघतच राहिली.

दवाखान्याच्या जिन्यात त्यानं दीपमालाला थांबवलं. "तुला कधीपासून ठाऊक?"

"लग्न झालं त्याच वर्षी कळलं. लाल साडी म्हणून हिरवी आणली होती तुम्ही."

"मग तुझ्या बापाला मी पंगतीत लई बोललो, तवा गप का बसलीस?"

दीपमालानं पदर सारखा केला.

"चारचौघांत तुम्हाला खाली बघावं लागलं असतं."