विकतचे किडे

लोक किडे मारायला औषध विकत आणतात; थोरल्याने डबीभर किडेच विकत आणले, म्हणून आई सकाळपासून धुमसत होती. खिडकीतल्या तिच्या गुलाबाला मावा लागला होता. कळ्या उमलायच्या आधीच आकसून जात होत्या, आणि हे चिरंजीव म्हणे, "आई, फवारा नको. हे ढालकिडे आहेत, मावा खातात."

"खातात की कायमचे नांदायला येतात, तेही बघू," आई म्हणाली.

पण लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणाऱ्या त्या मंडळींनी आठवड्यात सगळा मावा फस्त केला. गुलाबाने एक टपोरी कळी धरली. आईने लेकाचं तोंडावर कौतुक केलं नाही, पण शेजारणीला दोनदा बोलावून कळी दाखवली.

सुट्टीच्या दिवशी थोरला गुलाबापाशी चेहरा पाडून उभा. "मावा संपला गं, आई. आता हे बिचारे खाणार काय?"

आई तोंड उघडायच्या आत तो शेजारणीकडे गेला. तिची माव्याने बुजबुजलेली जास्वंदीची कुंडी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि नेमकी गुलाबाला खेटून ठेवली.

आईने आधी कळीकडे पाहिलं, मग लेकाकडे.


"ती कुंडी आधी होती तिथे ठेवून ये. आणि ऐक, आई जेवली का, हे आजवर एकदाही विचारलं नाहीस. पुढच्या जन्मी मी तुझ्या घरी किडा होऊनच येते!"