रिळांची चाकं

शकूने गाडी उलटी करून चाक फिरवलं आणि बोटाला काळं लागलं. चाकाच्या भोकात, आस म्हणून घातलेल्या छत्रीच्या तारेभोवती, कुणीतरी काळी भुकटी भरली होती. चारही चाकांत.

कुणीतरी म्हणजे कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. सकाळी चहा पुढे करताना शेवंतीची बोटं काळी होती. शकूचं लक्ष गेलं तशी तिने ती पदराला पुसली होती.

शकूची आई वारल्यावर, दिवाळीनंतर वडिलांनी शेवंतीशी लग्न करून तिला कल्याणच्या या घरात आणलं. तेव्हापासून शकू तिच्यावर नजर ठेवून होती. आईची लुगडी ट्रंकेत गेली. शिवणयंत्रावर चादर पडली. शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या होत्या की पोरी, आपलं आपण सांभाळ. आणि ही गाडी तर आईचीच. खोक्याची फळी, आणि चाकं म्हणून आईने शिवता शिवता संपवलेल्या दोऱ्यांची लाकडी रिळं. शाळेतून यावं तर गाडी जागेवरून जराशी सरकलेली. विचारलं की शेवंती म्हणायची, केर काढताना हलली असेल.

आज सव्वीस जानेवारी. प्रजासत्ताक होऊन दोनच वर्षं झालेली. झेंडावंदन झालं की दुर्गाडीच्या उतारावर मुलांच्या गाड्या सुटणार होत्या, आणि शकूला वर्गातल्या राघोची गाडी मागे टाकायची होती.

तिने गाडी मोरीत नेली. तांब्यावर तांबे ओतून चाकं धुतली. भुकटीचा कण राहू दिला नाही.

उतारावर तिची गाडी जेमतेम चार हात गेली. पाणी प्यायलेलं लाकूड फुगून तारेला घट्ट बसलं होतं. राघोची गाडी खाली पोचली तेव्हा शकूची वाटेतच उभी होती आणि पोरं हसत होती.

रडत घरी येऊन तिने गाडी शेवंतीपुढे आपटली.

"तूच कोळसा भरलास यात. आईची चाकं आहेत म्हणून."

शेवंतीने एक चाक फिरवून पाहिलं. ते हललं नाही. मग तिने सावकाश सांगितलं. चाकं तारेवर करकरायची. तेलाने धूळ चिकटते, म्हणून तिने पेन्सिलीचं शिसं विळीवर खरवडून आत घातलं होतं. माहेरी भावाच्या गाडीला ती तेच लावायची. शकू शाळेत गेली की ती गाडी अंगणात सोडून बघायची. काल गाडी उंबऱ्यापासून पार विहिरीपर्यंत गेली होती.

शकूचं रडणं थांबलं.

"मग चोरून कशाला? मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर हात लावू दिला असतास?"

शकूने गाडी उन्हात वाळत ठेवली. बऱ्याच वेळाने ती दप्तरातली स्वतःची पेन्सिल घेऊन आली आणि शेवंतीच्या शेजारी, विळीपाशी बसली.