परतीचं निशाण

जहाज घरच्या बंदराला लागलं की परतीचं लांबलचक निशाण कापायचं आणि प्रत्येक खलाशाला तुकडा द्यायचा, ही अमेरिकी आरमाराची जुनी रीत. हेस्टरच्या लहानपणी वडिलांचं जहाज परतीच्या वाटेवरच सगळ्या खलाशांसह बुडालं. अखंड निशाण तेवढं किनाऱ्याला लागलं. आता संग्रहालयात त्याच्या विरलेल्या कडा शिवायचं काम तिच्याकडेच होतं.

आज तिने कपाट उघडलं. निशाण हातभर आखूड झालं होतं आणि कापलेली कड ओली होती.

"ऑरिन, माझी कात्री कुठाय? मेल्या, काय केलंस हे?"

"किल्ली तुझ्याच गळ्यात आहे, बाई," पहारेकरी ऑरिन म्हणाला.

ती तणतणत घरी आली. म्हाताऱ्या आईने मूठ उघडली. आत ओला, लालपांढरा तुकडा होता.

"हळू बोल, बाबा वर निजलेत. ती कात्री तेवढी परत नेऊन दे गं, बाकीचे खोळंबलेत."