बांगड्यांच्या डब्यातली गोळी

साल २००३. सुनेच्या बांगड्यांच्या डब्यात मला गोळ्यांचं पाकीट सापडलं. नाव ओळखीचं होतं. मधुमेहासाठी मी चार वर्षं त्याच गोळ्या घेत होते.

"साखर लपवून लग्न लावलंत होय?" मी तिला सगळ्यांसमोर विचारलं.

"आई, मला साखर नाही. पाळी चार-चार महिने येत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी दिल्यात. आता वेळेवर येते." सासऱ्यांसमोर हे बोलताना कल्याणीचे कान लाल झाले होते.

"पाळीला साखरेची गोळी? मला शिकवतेस?"

माझ्या मुलाने, उमेशने, वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. डॉक्टरांना विचारावं, असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. त्याच आठवड्यात मी तिला माहेरी धाडलं. पुढे काडीमोड झाला.

गेल्या वर्षी लेकीच्या मुलीला डॉक्टरीणबाईंनी तीच गोळी लिहून दिली. मी चमकले.

"आजी, पीसीओएस आहे हिला. या गोळीने इन्सुलिन नीट काम करतं, मग पाळीही सुधारते. आम्ही कितीतरी वर्षं देतोय."

चिठ्ठीवरचं नाव मी पुन्हा एकदा वाचलं आणि ती नातीच्या पर्समध्ये ठेवली.

हे गेले. उमेशचं दुसरं लग्नही टिकलं नाही. आम्ही दोघं एकाच टेबलावर न बोलता जेवतो. कल्याणीला दोन मुली आहेत. परवा एका मुंजीत ती दिसली. वाकून माझ्या पाया पडली.

"काकू, साखर कशी आहे आता?" तिने विचारलं, आणि उत्तरासाठी न थांबता मुलींना घेऊन पंगतीत जाऊन बसली.