आवाजावरून नंबर

दवाखान्यात तपासणीचा नंबर आता फोनवरचं यंत्र देई, तेही आवाज ऐकून. हेमांगीबाईंचा गुडघा सुजला होता, पण फोन नेहमीप्रमाणे त्यांचे यजमान दिगंबररावच करत. रोज एकच उत्तर मिळे, "आवाजात आजार नाही. तीन महिन्यांनी या."

आज दिगंबरराव भडकले. "अहो, हिला उठता येत नाही! माणूस कळवळतंय इथे!"

यंत्र म्हणालं, "रुग्णवाहिका निघाली आहे."

"ऐकलंस का? मिळाला एकदाचा नंबर! साडी बदल," ते आत बघून ओरडले.

"नंबर तुमचा आहे, काका. आज आवाजात आजार आहे," फोनवरून उत्तर आलं.

"माझा?" दिगंबररावांनी विचारलं.

"आधी दाराची कडी काढा, मग खाली बसा," यंत्र म्हणालं. "काकूंना दारापर्यंत यायला वेळ लागेल."