अडाणी माणूस पाहिजे

मावशींनी माउस उजव्या हातात धरला, मग डाव्यात, मग पुन्हा उजव्यात. घाई करून चालणार नव्हतं. माउस पहिल्याच झटक्यात नीट धरला की लोकांना संशय येतो.

"करू या सुरुवात?" शेजारून आवाजने विचारलं.

त्याला सगळे आवाज म्हणत, कारण धड्यांमध्ये बोलायचा तोच. या ऑफिसात कॉम्प्युटर शिकवणारे धडे बनत. आवाज एखादं काम स्वतः करून दाखवायचा, स्क्रीनवर जे होईल ते रेकॉर्ड व्हायचं, आणि मग त्या रेकॉर्डिंगला मध्ये मध्ये थांबे घातले जायचे. "आता हिरव्या बटणावर क्लिक करा," एवढं बोलून धडा गप्प. बघणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. भलतीकडे क्लिक केलं की लाल चौकट यायची: इथे नाही, पुन्हा प्रयत्न करा.

लाल चौकटी कुठे कुठे लागतील हे कळायला एक अडाणी माणूस लागतो. ती नोकरी मावशी सहा वर्षं करत होत्या.

नोकरी झकास होती. घरी मावशींचं काही चुकलं की चार माणसं बोलून दाखवत. इथे चुकलं की लिहून घेत, वर थँक्यू म्हणत.

अडचण एकच होती. मावशींना सगळं यायला लागलं होतं.

कधी, ते त्यांनाही कळलं नाही. एकदा सुनेचा प्रिंटर अडला, तेव्हा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "ड्रायव्हर काढून पुन्हा टाक." सून भाजीकडे बघत राहिली, जणू तीच बोलली.

"हे घराबाहेर जाता कामा नये," मावशींनी तिला बजावलं.

"आई, शिकलात तुम्ही. चोरी नाही केलीत."

"चोरी लपवता तरी येते गं."

शेजारच्या खुर्चीवर पूर्वी एक निवृत्त पोस्टमन बसायचे. एकदा आवाज बोलायच्या आत त्यांनी बरोबर बटण दाबलं. पुढच्या आठवड्यात खुर्ची रिकामी. "काका तयार झाले," आवाज म्हणाला होता, "आणि तयार माणूस आपल्या काय कामाचा?"

तेव्हापासून मावशींनी मेहनत घ्यायला सुरुवात केली. दुपारी घर रिकामं झालं की त्या स्वतःचीच स्क्रीन रेकॉर्ड करत, चुका करत आणि मग बघत बसत. ही ओढूनताणून वाटते. ही जरा घाईत झाली. ही मात्र अस्सल. अस्सल चुकीसाठी कधीकधी दहा वेळा रेकॉर्डिंग करावं लागे.

पण आज लक्षणं ठीक दिसत नव्हती. दोन महिन्यांत तीन टेबलं रिकामी झाली होती. मालक कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आणि मावशींच्या बरोबर मागे एक बाई वही घेऊन बसली होती.

"कोण रे या?" मावशींनी हळूच विचारलं.

"बघायला आल्यात."

"काय बघायला?"

"तुम्हाला." आवाजने मागे एक नजर टाकली आणि आणखी हळू बोलला. "मावशी, आज सगळं तुमच्या हातात आहे. अगदी जीव ओतून करा."

"काळजीच करू नकोस," मावशी म्हणाल्या.

धडा होता रजेचा अर्ज भरण्याचा. पहिल्याच थांब्याला मावशींनी कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं. इथे नाही, पुन्हा प्रयत्न करा. नावाच्या रकान्यात पासवर्ड लिहिला. पासवर्डच्या रकान्यात "हो" लिहिलं. बाण वर न्यायचा होता, तेव्हा माउस टेबलाच्या काठापर्यंत सरकवला आणि म्हणाल्या, "पुढे टेबलच संपलं."

मागे वहीवर पेन खरखरलं.

आवाजचा चेहरा उतरला होता. "मावशी, हिरवं बटण. हिरवं."

"कुठलं रे बाबा?"

"एकच आहे."

मावशींनी खिडकीतल्या कुंडीकडे बघितलं.

आणि तेवढ्यात घात होता होता राहिला. बाण आपला आपण हिरव्या बटणावर गेला आणि बोट क्लिक करायला वाकलं. मावशींनी ते माउसवरून उचललं आणि त्याच बोटाने कान खाजवला. मागे वळून बघायची सोय नव्हती. बाईने पाहिलं असेल का?

"यांचे किती धडे झालेत?" मागून बाईने विचारलं.

"चारशे बारा," मालक म्हणाले. त्यांचा स्वर जरा चिरका आला.

"आणि या दुसरीकडे कुठे शिकल्यात?"

"छे छे. जे काही आहे ते इथलंच."

मावशींना हायसं वाटलं. मालक आपल्या बाजूने बोलत होते. म्हणजे शंका त्या बाईलाच होती. मग तिची शंका मुळासकट काढायला हवी. मावशींनी राखून ठेवलेली चूक बाहेर काढली. महिनाभर घासलेली, एकदम अस्सल. त्यांनी स्क्रीनवरच्या बटणावर खरंखुरं बोट टेकवलं, दाबलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं, आणि मान वळवून निरागसपणे विचारलं, "कडी लागलीय का आतून?"

आवाजने डोळे मिटून घेतले. मालक खुर्चीत बसले.

बाईने वही मिटली. मावशींकडे बघून ती हसली, फार प्रेमाने हसली, आणि मावशींचा जीव भांड्यात पडला. वाचलो आपण.

"तुमचे सगळ्यात जास्त धडे घेतलेलं माणूस मला बघायचं होतं," बाई उठत मालकांना म्हणाली. "आमच्या नऊ हजार लोकांना शिकवायचं काम आज तुम्हाला देऊनच जाणार होते मी."